सीटी नॉर्मल, तरी पेशंट शुद्धीवर नाही : ब्रेनस्टेमला लागलेला मार स्कॅनमध्ये कसा शोधतात

कृष्णधवल (धागाकर्ता)

अपघाताला दोन-तीन दिवस झाले की आयसीयूच्या दाराशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सीटी नॉर्मल आहे म्हणालात ना? मग हा उठत का नाही?" विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. सीटीचा रिपोर्ट चांगला म्हणजे मेंदू ठीक, असाच अर्थ कुणीही काढेल. मी रेडिओलॉजीत आहे, दिवसभर डोक्याचेच स्कॅन बघतो. या प्रश्नाचं सरळ उत्तर मराठीत कुठेतरी असावं असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

मेंदूच्या तळाशी, जिथे तो मज्जारज्जूला जोडला जातो, तिथे जेमतेम अंगठ्याएवढा एक भाग आहे. मस्तिष्कस्तंभ. दवाखान्यात सगळे ब्रेनस्टेमच म्हणतात. वरून खाली मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला असे त्याचे तीन भाग. श्वास, रक्तदाब, गिळणं, डोळ्यांची हालचाल यांची केंद्रं इथे. हातापायांकडे जाणारे आणि तिकडून येणारे तंतू इथूनच जातात. माणसाला जागं ठेवणारी यंत्रणाही इथलीच. मोरुझ्झी आणि मॅगून यांनी १९४९ साली प्राण्यांवर दाखवलं की हा भाग चेतवला की झोपेतला ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) जागेपणीच्या ईईजीसारखा होतो. त्यामुळे मोठ्या मेंदूत चार-पाच मिलिमीटरची जखम एखाद्याला कळणारही नाही. तीच जखम मिडब्रेनमध्ये नेमक्या जागी झाली तर माणूस आठवडेच्या आठवडे डोळे उघडत नाही.

आता सीटी कुठे कमी पडतो ते. एक अडचण हाडांची. ब्रेनस्टेमच्या दोन्ही बाजूंना पेट्रस हाडं आहेत, आतला कान ज्यात असतो ती. फार टणक. क्ष-किरण त्यातून जाताना कमी ऊर्जेचे किरण तिथेच शोषले जातात आणि चित्रावर पॉन्सच्या बरोबर मधून आडवे काळे पट्टे उमटतात. यांना हाउन्सफील्डचं नाव आहे, म्हणजे सीटीच्या जनकाचंच. त्याच्या यंत्राने पहिल्या पेशंटचा मेंदू टिपला तो १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनच्या विम्बल्डन भागात. नव्या यंत्रांत पट्टे फिके झालेत, गेलेले नाहीत.

दुसरी अडचण जास्त मोठी. सीटीला ताजं रक्त छान दिसतं. पण वेगातलं डोकं एकदम थांबतं आणि गरकन फिरतं तेव्हा मेंदूतले तंतू ताणले जाऊन आतून बिघडतात, आणि प्रत्येक वेळी रक्त सांडतंच असं नाही. याला डिफ्यूज ॲक्झोनल इंज्युरी म्हणतात, रिपोर्टवर नुसतं डीएआय. सबिना स्ट्रिच यांनी १९५६ साली शवविच्छेदनांवरून हे पहिल्यांदा नीट मांडलं. पुढे १९८९ साली ग्लासगोच्या ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी याच्या पायऱ्या ठरवल्या. मोठ्या मेंदूच्या पांढऱ्या भागात मार म्हणजे ग्रेड १, दोन गोलार्ध जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमपर्यंत गेला तर २, आणि ब्रेनस्टेमपर्यंत पोचला तर ३. ही वर्गवारी सूक्ष्मदर्शकाखालची होती. जिवंत माणसात ती पाहता यायला लागली ती एमआरआयमुळे.

म्हणून सीटी टाकाऊ आहे का? मुळीच नाही. पहिला स्कॅन सीटीच. काही मिनिटांत होतो, आणि ज्यावर ताबडतोब ऑपरेशन करता येतं ते सगळं त्यात दिसतं. शिवाय ब्रेनस्टेमची बातमी सीटी आडून देतो. मी सगळ्यात आधी मिडब्रेनभोवतीची पाण्याची जागा बघतो. ती काळी, मोकळी दिसायला हवी. बुजत चालली असेल तर वरून दाब येतोय. मग मिडब्रेनच्या मागच्या-बाजूच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका आहे का. मग दोन पेडंकलच्या, म्हणजे मिडब्रेनच्या पुढच्या दोन खांबांच्या, मधल्या खाचेत रक्त आहे का. या खाचेतलं थोडंसं रक्त दिसलं की पुढे एमआरआयवर ब्रेनस्टेममध्ये काहीतरी निघण्याची शंका मला येतेच.

ठिपका कुठे आहे यावर गोष्ट बदलते. मागच्या-बाजूच्या कोपऱ्यातला मार बहुतेक वेळा धडकेच्या क्षणीच झालेला, म्हणजे प्राथमिक. मध्यरेषेलगत, पुढच्या अंगाला मिडब्रेन किंवा पॉन्समध्ये रक्त असेल आणि वर रक्ताची मोठी गाठ किंवा सूज असेल, तर ते ड्युरे रक्तस्राव. मेंदू खाली सरकतो, पॉन्सला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या ताणल्या जाऊन फुटतात. आंरी ड्युरेने १८७८ साली वर्णन केलेली गोष्ट. ही दुय्यम इजा. ती टाळण्यासाठीच तर पहिल्या तासांत सगळी धावपळ असते.

एमआरआयबद्दल खाली लिहितो, जेवून येतो.

घाटमाथा

वाचतोय. छान सुरुवात. एक बाळबोध प्रश्न: एमआरआय जास्त चांगला असेल तर आधी सीटी कशाला? सरळ एमआरआयच का काढत नाहीत? पैशांचं कारण आहे का?

रातपाळी

मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे, या प्रश्नाचं उत्तर माझ्या पाठीला विचारा.

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एमआरआयला नेणं म्हणजे अर्धी रात्र जाते. आपला नेहमीचा व्हेंटिलेटर त्या खोलीत चालत नाही, तिथला वेगळा. इन्फ्युजन पंप बाहेर ठेवायचे आणि लांबच लांब एक्स्टेन्शन लाइन जोडून औषध आत सोडायचं. लाइन बदलताना नॉरॲड (बीपी टिकवणारं औषध) दोन मिनिटं बंद पडलं तर बीपी कोसळतं, म्हणून बदलायच्या आधीच दुसरी भरून तयार ठेवायची. ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर चुकूनही आत जाता कामा नये, मॅग्नेट तो खेचून घेतो. आमच्याकडे डोकं तीस अंश वर ठेवलेलं असतं, प्रेशर वाढू नये म्हणून. तिथे सपाट झोपवावं लागतं. ज्याची आयसीपी, म्हणजे कवटीतलं प्रेशर, आधीच वर आहे त्याला सपाट ठेवून अर्धा-पाऊण तास? डॉक्टर दहा वेळा विचार करतात आणि करायलाच हवा.

नळीच्या कफचा जो छोटा फुगा बाहेर लोंबतो ना, त्याच्या व्हॉल्व्हमध्ये बारीकशी स्प्रिंग असते. तो तोंडाजवळच राहिला तर नेमकं ब्रेनस्टेमच्या चित्रावर सावट येतं. लांब नेऊन चिकटपट्टीने छातीवर लावायचा.

आणि अंगावरचं धातू. करदोट्याला अडकवलेली पेटी, दंडातला ताईत, जोडवी. जोडवी सुजलेल्या बोटात रुतलेली असतात. मंगळसूत्र काढायला घरचे तयार नसतात, विशेषतः सासूबाई. मी त्यांच्याच हातात देते, म्हणते, "तुमच्याकडेच ठेवा, आल्यावर तुम्हीच घाला." वाद होत नाही मग.

कृष्णधवल

रातपाळीताई, हे मला लिहिता आलं नसतं. घाटमाथा, उत्तर मिळालं असेलच. पैसा हे कारण आहेच, पण पहिलं नाही.

आता एमआरआय. एकच यंत्र, पण त्यात वेगवेगळी चित्रं काढतात आणि प्रत्येक चित्र वेगळी गोष्ट सांगतं. फ्लेअरमध्ये सूज पांढरी दिसते. डिफ्यूजनमध्ये पेशी आणि तंतूंतली ताजी इजा चमकते. एसडब्ल्यूआय हे रक्ताचं चित्र; सांडलेल्या रक्तातल्या लोहामुळे तिथे काळा ठिपका पडतो, मिलिमीटरभर रक्तसुद्धा. जुन्या ग्रेडियंट एको चित्रात जिथे दोन-चार ठिपके दिसायचे तिथे एसडब्ल्यूआयवर कितीतरी जास्त निघतात. फॉर्मवर "एमआरआय ब्रेन" एवढंच लिहून आलं आणि एसडब्ल्यूआय घेतलाच नाही, असं अजूनही होतं. डोक्याला मार असेल तर तो मागून घ्या.

प्रत्येक चित्राच्या खोड्या आहेत. एसडब्ल्यूआयवर आडवी कापली गेलेली नीलाही ठिपक्यासारखीच दिसते, त्यामुळे वरखाली स्लाइस सरकवून ती नळीसारखी पुढे जाते का ते बघावं लागतं. कवटीच्या तळाशी हवा आणि हाड जवळजवळ असल्याने पॉन्सचा खालचा भाग आणि मेड्युला या चित्रात धुरकटतात. फ्लेअरमध्ये पॉन्सच्या पुढचं पाणी वाहतं असल्याने खोटा पांढरा डाग उमटतो. म्हणून ब्रेनस्टेममधला डाग मी एकाच चित्रावर विसंबून लिहीत नाही. पातळ स्लाइस, शक्यतो उभा छेदही, आणि दोन वेगळ्या चित्रांत तीच जागा.

आणि वेळ. माझ्या मते या धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. फ्लेअर आणि डिफ्यूजनवरचे डाग टिकत नाहीत. नॉर्वेतल्या ट्रोंडहाइमच्या गटाने मध्यम आणि गंभीर मार लागलेल्यांचे एमआरआय सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षाने असे पुन्हा पुन्हा काढले. बरेच डाग तीन महिन्यांत लहान झाले नाहीतर दिसेनासे झाले. रक्ताचे काळे ठिपके टिकतात, पण रक्त न सांडलेला मार उशिरा काढलेल्या स्कॅनमध्ये हुकतो. पेशंट स्थिर झाला की पहिल्या आठवड्यात एमआरआय झाला तर ब्रेनस्टेमचं खरं चित्र हाती लागतं.

गोदाकाठ

न्यूरोसर्जन आहे. कृष्णधवल यांचं लिखाण नेमकं आहे, पण थोडं थंड पाणी ओततो.

पहिल्या दिवशी एमआरआय माझं काही बदलत नाही. डोळ्याची एक बाहुली फाकली आहे, सीटीत सबड्यूरल (मेंदूवर साचलेलं रक्त) आहे, तर पेशंट थिएटरमध्ये जातो. सीटीत काढण्यासारखं काही नाही, तर प्रेशर, ऑक्सिजन, सोडियम, ताप, फिट्स यांची काळजी. ब्रेनस्टेममधल्या डागावर ऑपरेशन नाही, औषध नाही. जिल्ह्याच्या गावाहून ब्रेनस्टेम बघायला म्हणून पेशंट शंभर किलोमीटर हलवायचा, हे मी कुणालाही करू देत नाही.

दुसरं, सीटी नॉर्मल आणि पेशंट बेशुद्ध म्हटलं की लगेच डीएआय म्हणून मोकळं होऊ नये. दारू, झोपेची औषधं, साखर, आणि हात-पाय न हलवता आतल्या आत चालू असलेल्या फिट्स. त्या ईईजीशिवाय कळतच नाहीत. एक गोष्ट नेहमी विचारायची: धडकेनंतर तो बोलला होता का? डीएआयचा पेशंट बहुधा त्या क्षणापासूनच बेशुद्ध असतो. जो जागेवर बोलला, नाव-गाव सांगितलं, आणि नंतर बेशुद्ध झाला, त्याचं कारण वेगळं शोधायचं.

कृष्णधवल

सहमत, आणि तुमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून एमआरआय जिथे निदान उलटवतो असं एक उदाहरण. तरुण मुलगा, बाइकवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, आला तेव्हा नीट बोलत होता. दुसऱ्या दिवशी धाप, मग गुंगी, मग बेशुद्ध. सीटी स्वच्छ. एमआरआयच्या डिफ्यूजनमध्ये दोन्ही बाजूंना, खोलवरसुद्धा, असंख्य बारीक पांढरे ठिपके विखुरलेले. हे फॅट एम्बोलिझम. मोडलेल्या हाडातली चरबी रक्तातून फुप्फुसात आणि मेंदूत गेलेली. एसडब्ल्यूआयवर डीएआयसारखंच वाटू शकतं, पण ठिपक्यांची पसरण वेगळी असते आणि आधी शुद्ध असल्याचा इतिहास असतो. असे पेशंट बऱ्यापैकी सुधारतात. नातेवाइकांना सांगायची गोष्टच बदलते.

पहिल्या दिवशी एमआरआय नको, हे मीही म्हणतोय. प्रश्न चौथ्या-पाचव्या दिवसाचा आहे.

फटकळ

हे सगळं ठीक, पण हेल्मेट घाला म्हणून कुणी लिहिलं का? गाडीच्या आरशाला हेल्मेट अडकवून फिरणाऱ्यांच्या गावात राहतो मी.

गोदाकाठ

फटकळ, लिहितो. उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा सांगतो की हेल्मेटने मोटरसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के आणि मृत्यूचा सुमारे ४२ टक्के कमी होतो. फक्त पट्टा लावलेला हवा. आणि हेही खरं की कवटी फुटण्यापासून हेल्मेट जेवढं वाचवतं तेवढं डोकं गरकन फिरण्यापासून वाचवत नाही. हेल्मेट असूनही डीएआय झालेले पेशंट येतात, ते बघून "काय उपयोग" म्हणणारेही भेटतात. ज्यांना हेल्मेटने वाचवलं ते माझ्याकडे येत नाहीत, एवढंच.

टेम्सकाठी

इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत काम करते. इथे नाइस या सरकारी आरोग्य संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत: डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसाचा जीसीएस पहिल्या तपासणीत १२ किंवा कमी असेल तर तासाभरात सीटी. जीसीएस म्हणजे डोळे, बोलणं, हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण. ही पद्धतही ग्लासगोचीच, टीसडेल आणि जेनेट यांची, १९७४ सालची. एमआरआय इथेही पहिल्या दिवशी होत नाही. यंत्रं जास्त आहेत म्हणून लगेच काढतात असा समज असेल तर तसं नाही.

एक भर घालते. सीटी करतानाच गळ्याच्या आणि मेंदूच्या धमन्यांचा सीटी अँजिओ करायचा का, हा विचार आम्ही आवर्जून करतो. मानेचा मणका मोडला असेल, कवटीच्या तळाला चीर असेल, किंवा स्कॅनशी न जुळणारी लक्षणं असतील तर. मानेतली व्हर्टिब्रल धमनी आतून फाटते, तिथे गुठळी होते, आणि ब्रेनस्टेमला पक्षाघाताचा झटका येतो. तो अपघातानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी येऊ शकतो. हा मार असा आहे की वेळेत कळला तर रक्त पातळ करण्याचं औषध देऊन पुढचं टाळता येतं. ब्रेनस्टेमच्या बाबतीत लवकर निदान कशासाठी, याचं याहून सरळ उत्तर माझ्याकडे नाही.

गोदाकाठ

ताई, हा मुद्दा मान्य, शंभर टक्के. इथे मी थंड पाणी ओतणार नाही.

बिटबिट

सॉफ्टवेअरवाला आहे, त्यामुळे दोन प्रश्न. एआय हे सगळं आपोआप वाचू शकत नाही का? आणि ते रंगीत धाग्यांचं चित्र असतं, लाल-हिरवं-निळं, ते काय? दिसायला जबरी असतं.

कृष्णधवल

एआयबद्दल आपल्याकडचंच उदाहरण आहे. मुंबईच्या क्यूअर.एआयचा डोक्याच्या सीटीवरचा अभ्यास २०१८ साली लॅन्सेटमध्ये आला. रक्तस्राव, कवटीची फ्रॅक्चर, मध्यरेषा सरकणं, दाब, हे त्यांचं सॉफ्टवेअर चांगलं ओळखतं. रात्री दोन वाजता रांगेतल्या वीस स्कॅनमधून गंभीर असलेला वर आणायला याचा फार उपयोग. पण सीटीत जे उमटलेलंच नाही ते कुठलंही सॉफ्टवेअर कुठून वाचणार?

रंगीत चित्र म्हणजे डीटीआय. पाण्याचे रेणू तंतूंच्या दिशेने जास्त सहज सरकतात, त्यावरून तंतूंचे मार्ग काढतात. बोस्टनच्या ब्रायन एडलो यांच्या गटाने ब्रेनस्टेममधून वर थॅलॅमसकडे (मेंदूच्या मध्यातला भाग) जाणाऱ्या, जागं ठेवणाऱ्या मार्गांवर असं बरंच काम केलं आहे. संशोधनात मोलाचं. पण एका पेशंटच्या त्या चित्रावरून "तार तुटली" असं घरच्यांना सांगणं मला पटत नाही. आकडे यंत्रागणिक बदलतात, ब्रेनस्टेम लहान, त्यात चित्र वाकतं. जबरी दिसतं हीच त्याची पंचाईत आहे.

खाटेशेजारी नेता येणारं छोटं एमआरआय यंत्रही आलंय, हायपरफाइन कंपनीचं, ०.०६४ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप), अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. आपली नेहमीची यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची. रातपाळीताईंची पाठ वाचेल, पण मिडब्रेनमधला दोन मिलिमीटरचा ठिपका त्यात शोधायच्या भानगडीत मी पडणार नाही.

मुक्ता_आ

हा धागा बहिणीने पाठवला. माझ्या चुलतभावाचा अपघात झालाय, बाइक. आज अकरावा दिवस. जिथे ॲडमिट आहे तिथे पहिले आठ दिवस "सीटी चांगला आहे, वाट बघा" एवढंच सांगत होते. परवा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये लिहिलंय, मिडब्रेनच्या डाव्या मागच्या-बाजूला रक्ताचे बारीक ठिपके, कॉर्पस कॅलोसममध्येही, आणि खाली "ग्रेड ३ डीएआय". मी नेटवर ग्रेड ३ शोधलं आणि रात्रभर झोपले नाही. व्हॉट्सॲपवर एका नातेवाइकाने लिहिलं की ब्रेनस्टेम गेला म्हणजे ब्रेन डेड. तो काल डोळे उघडत होता. प्लीज कुणीतरी सांगा.

समन्वयक

मुक्ताताई, आधी त्या व्हॉट्सॲपवाल्या काकांचं उत्तर देतो, कारण माझं कामच ते आहे. मी अवयवदान समन्वयक आहे. ब्रेनस्टेमला मार आणि ब्रेनस्टेम मृत्यू या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार ब्रेनस्टेम मृत्यू ठरवायचा तर चार डॉक्टरांचं मंडळ पेशंटला प्रत्यक्ष तपासतं. बाहुल्यांवर प्रकाश, डोळ्यांना स्पर्श, घशात नळी घातल्यावर खोकला, कानात थंड पाणी, आणि शेवटी व्हेंटिलेटरपासून वेगळं करून स्वतःहून श्वास घेतो का. सगळं नकारार्थी आलं तरी किमान सहा तासांनी पुन्हा सगळं. त्याआधी औषधांचा अंमल, शरीर थंड पडलेलं असणं अशी कारणं वगळावी लागतात. एमआरआयच्या रिपोर्टवरून कुणालाही ब्रेन डेड ठरवता येत नाही. जो डोळे उघडतोय तो तर नाहीच नाही.

कृष्णधवल

मुक्ताताई, समन्वयकांनी महत्त्वाचं आधीच सांगितलं. मी तुमच्या भावाला पाहिलेलं नाही, त्यामुळे तो कसा होईल हे सांगणार नाही. शब्दांचा अर्थ तेवढा सांगतो.

ग्रेड ३ म्हणजे मार ब्रेनस्टेमपर्यंत पोचलाय. बस. तिसरी पायरी शेवटची म्हणून ती "सगळं संपलं"ची पायरी नाही. या एकाच ग्रेडमध्ये फार वेगवेगळे पेशंट येतात. जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या फिरशिंग यांच्या गटाने हेच पाहिलं. बेशुद्ध पेशंटचे एमआरआय पहिल्या आठ दिवसांत काढले आणि २००१ साली वेगळी वर्गवारी मांडली: ब्रेनस्टेमला काहीच नाही, एका बाजूला आहे, मिडब्रेनमध्ये दोन्ही बाजूंना आहे, पॉन्समध्ये दोन्ही बाजूंना आहे. पायरीगणिक परिणाम बिघडत गेले. एका बाजूचा आणि दोन्ही बाजूंचा मार यांत मोठा फरक. तुमच्या रिपोर्टमध्ये "डाव्या" असं लिहिलंय, म्हणजे निदान तेवढं तरी एका बाजूचं आहे. उजवीकडे काही नाही ना, पॉन्समध्ये काही नाही ना, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

गोदाकाठ

त्या वर्गवारीबद्दल एक सावधगिरी. पॉन्सच्या दोन्ही बाजूंना मार असलेले त्या मालिकेत वाचले नाहीत, हे वाचून काही जण तसा रिपोर्ट आला की हात आखडता घेतात. मग पेशंट दगावतो, आणि बघा, पुस्तकात होतंच. नंतर इतर ठिकाणी असे पेशंट वाचल्याचं प्रसिद्ध झालंय. मुक्ताताई, वय, बाहुल्या, हालचाल, आणि दर आठवड्याला काय बदलतंय, हे सगळं रिपोर्टशेजारी ठेवून बघायचं असतं. अकराव्या दिवशी डोळे उघडणं ही मी फाइलमध्ये लिहून ठेवण्यासारखी गोष्ट मानतो.

चालताबोलता

फिजिओ आहे. डोळे उघडतो म्हणजे शुद्ध आली असं नाही, आणि काही बोलत-हलत नाही म्हणजे कळत नाही असंही नाही. पॉन्सच्या पुढच्या भागाला मार असेल तर माणूस पूर्ण जागा असूनही हात, पाय, चेहरा काही हलवू शकत नाही. डोळे फक्त वर-खाली होतात. लॉक्ड-इन म्हणतात. डोळे उघडे असणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी "वर बघ, खाली बघ" सांगून बघतो, नुसतं "हात दाब" नाही. मुक्ताताईंच्या भावाच्या रिपोर्टवरून तसं वाटत नाही, पण विचारायला दोन सेकंद लागतात. सकाळी, गुंगीचं औषध कमी असताना विचारा.

टेम्सकाठी

+१. आणि खाटेशेजारची तपासणीही हुकते. २००६ साली केंब्रिजमध्ये एड्रियन ओवेन यांनी काहीच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला फंक्शनल एमआरआयमध्ये (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारा) "टेनिस खेळतेय अशी कल्पना कर" सांगितलं, आणि तिच्या मेंदूचा योग्य तोच भाग उजळला. २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अनेक केंद्रांचा मिळून अभ्यास आला, त्यात सांगितलेलं न करू शकणाऱ्या २४१ पैकी ६० जणांत अशी छुपी समज सापडली. त्यामुळे खाटेशेजारी उभं राहून "याचं काही खरं नाही" असलं बोलू नये.

रातपाळी

हे शेवटचं वाक्य आमच्या वॉर्डच्या दारावर लावते.

घाटमाथा

अवांतर: नातेवाइकांनी एमआरआयच्या फिल्मा दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या असतील तर फोटो काढून पाठवले तर चालतात का? आमच्याकडे एकाने खिडकीला फिल्म लावून काढले होते.

कृष्णधवल

चालत नाहीत. एका फिल्मवर वीस चौकटी छापतात, त्यातली मिडब्रेनची दोन. एसडब्ल्यूआयची तर बरेचदा छापतच नाहीत. सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ डायकॉम फाइल (स्कॅनची पूर्ण डिजिटल चित्रं) मागा. तुमचा स्कॅन आहे, मागायला संकोच नको. सोबत अपघाताची तारीख आणि स्कॅनची तारीख कळवा. पाचव्या दिवशीचा स्वच्छ फ्लेअर आणि तीन महिन्यांनंतरचा स्वच्छ फ्लेअर यांचा अर्थ सारखा नसतो.

ती सीडी नंतरही लागते. मिडब्रेनच्या मागच्या भागातल्या मारानंतर काही महिन्यांनी मेड्युलातला ऑलिव्ह नावाचा भाग फुगतो आणि एमआरआयवर पांढरा दिसतो. वरून येणारा संबंध तुटल्याचा तो उशिराचा परिणाम आहे. पहिला स्कॅन समोर नसेल तर नवा झटका, नाहीतर गाठ असं कुणीतरी लिहून मोकळं होतं.

मुक्ता_आ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज भावाने उजवा पाय जवळ ओढला, आईने हाक मारल्यावर. डॉक्टरांना विचारलं, उजव्या बाजूला आणि पॉन्समध्ये काही नाही म्हणाले. सीडीसाठी अर्ज दिलाय, उद्या मिळेल. रिपोर्टचा फोटो इथे जोडतेय, कुणी बघाल का?

कृष्णधवल

मुक्ताताई, फोटोत भावाचं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक दिसतोय. आधी तो काढून टाका. सीडी मिळाली की मला व्यनि करा.

मुक्ता_आ

काढला. उद्या संध्याकाळी व्यनि करते.